यादीत शेवटी महानंदा

पंखा पाचवर.

बोक्याला पाणी पितळी वाटीतच लागतं. स्टीलच्या वाटीकडे तो ढुंकूनही बघत नाही.

एका लग्नाच्या दोन पत्रिका. एकीत थोरले मामा वर, दुसरीत धाकटे. दोन्ही मामा लग्नाला आले, दोघेही पोटभर जेवले.

सोलापूर, दुपारी तीन: पंचेचाळीस पूर्णांक आठ.

कपाटाच्या खालच्या खणात एक निळी डबी. तिच्यावरचं सील तीन वर्षांत कुणी फोडलेलं नाही.

खो.

काहीही चालेल.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर उमटलेली अक्षरं: *महानंदा – पान रिकामं. फेरी रद्द.*

ही अक्षरं उमटली तेव्हा महानंदा म्हमाणे चटणीसाठी शेंगा भाजत होती. तिने ती वाचली, पदराला हात पुसले, आणि घरात आणखी कुणी महानंदा आहे की काय अशा नजरेने मागे वळून बघितलं.

तेवढ्यात हॉलमधून आरोळी आली.

"तृप्ती! तुझं घर पिसाळलंय! माझ्या चहात साखर घातलीय त्यानं!"

घर बिघडलं की ते तृप्तीचं असायचं. नीट चालत असलं की म्हमाण्यांचं.

आरोळी मारणारे शिवशरण म्हमाणे, वय चौऱ्याहत्तर, महानंदाचे यजमान. तृप्ती त्यांची सून, ती सासऱ्यांना मामा म्हणायची आणि सासूला आत्या. मुलगा राजशेखर हुबळीला पवनचक्क्यांच्या कामावर असायचा आणि शनिवारी घरी यायचा. बोक्या कुणाचा कोण ते ठाऊक नाही, एका दिवाळीत आला आणि राहिला. घरात माणसं एवढीच, आणि ती सगळी घराच्या कोशात होती.

कोश म्हणजे काय ते सांगायला हवं.

दोन हजार सेहेचाळीस साली सोलापुरात अशी घरं काही नवलाची उरली नव्हती. भिंतींच्या गिलाव्यात केसाएवढ्या नळ्या, त्यांतून गार पाणी फिरतंय. पंखे, पडदे, दिवे, अंघोळीचं पाणी, चहाचं यंत्र, टीव्हीचा आवाज, सगळं एका दोरीला बांधलेलं. दोरी ओढते ती एक स्क्रिप्ट, आणि अशा स्क्रिप्टा लिहून घरांना वळण लावणं हा तृप्तीचा धंदा. घराच्या पोटात एक कोश असतो. तृप्तीच्या धंद्यातले लोक त्याला डिक्शनरी म्हणतात, पण तिच्यात शब्द नसतात, माणसं असतात. डावीकडे नाव आणि नावापुढे त्या माणसाचं पान: पंखा किती, भिंत किती गार, चहा कसा, उजेड केवढा. स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी या कोशावरून एक फेरी मारते. कुणी खोली बदलली तर लगेच एक जादा. पहिलं नाव घ्यायचं, तो माणूस कुठल्या खोलीत आहे ते बघायचं, त्याच्या पानावर असेल तसं त्या खोलीत करायचं, मग दुसरं नाव. असं शेवटच्या नावापर्यंत.

जे आधीच पानाबरहुकूम आहे त्याला स्क्रिप्ट हात लावत नाही. पंखा पाचवर हवा आणि पाचवरच असेल, तर त्याच्याकडे नुसतं बघून पुढे जाते. या गुणावर तृप्तीचा फार जीव. "शंभरदा चालवा, घर तेच राहणार," ती म्हणायची. "माणसांना जमतं का असं?"

आणि फेरी मध्येच कुणाच्या नावाशी अडली, तर घर रुसल्यासारखं करतं. कुणाचंच ऐकत नाही. कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसं सगळं करून ठेवतं: पंखा तीन, आवाज वीस, चहात एक चमचा साखर.

त्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.

"आत्या, बसा इथं," तृप्ती म्हणाली. तिने गॅस बारीक केला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. "तुमचं पान भरायचंय. आत्ता."

"दोन वर्षं चाललं ना तसंच?"

"चाललं, कारण मी एक ओळ घातली होती. पान रिकामं दिसलं तर पुढे जा. आजपासून शहराचा उष्मानियम लागला. पासष्टीच्या पुढच्या माणसाला वगळून पुढे जायचं नाही. उन्हाळा अंगावर येतो ते म्हाताऱ्या माणसांना कळत नाही म्हणे, ती आपली 'चालतंय, चालतंय' करत राहतात."

"बरोबरच आहे," महानंदा म्हणाली. तिला वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

"पंखा कितीवर आवडतो?"

"मामांना पाच लागतो."

"मामांचं नाही विचारलं."

"राजूला चार."

"आत्या."

"मला काय गं. काहीही चालतं."

तृप्तीने 'काहीही' असं टाइप केलं. घराने ते नाकारलं. अंक हवा होता.

"चहा?"

"उरेल तो."

"यंत्र उरवत नाही आत्या. मोजून करतं."

"मग तू घेशील तो."

"टीव्हीचा आवाज? उजेड? पडदे?" तृप्तीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघा. हे बोक्याचं पान. सात ओळी आहेत. पितळी वाटी, मागच्या दाराची फट, दुपारी भिंतीपाशी सावली. सात!"

"बोक्या नखरेल आहे," महानंदा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण हसता हसता महानंदाच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ती जराशी गोंधळली. ती लाजत नव्हती, की मोठेपणाही दाखवत नव्हती. पंखा कितीवर आवडतो हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"मीच भरते काहीतरी," तृप्ती म्हणाली. "पंखा तीन, चहा मध्यम. संपलं. चालेल?"

'चालेल' ओठांवर आलं होतं.

"आणि मग ते माझं होईल?"

"हो. घर रोज तसंच करणार."

"थांब मग. उगाच खोटं कशाला लिहायचं? दोन दिवस दे मला."

"दोन दिवस सगळं घर कारखान्याच्या सेटिंगवर राहील, आत्या. मामा..."

"राहू दे," महानंदा म्हणाली आणि शेंगा हलवायला उठली. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं घर तिच्यासाठी खोळंबलं होतं. शेंगा थोड्या करपल्या, त्याचं तिला काही वाटलं नाही.

*

हा कोश लिहिला कुणी? स्क्रिप्ट तृप्तीची, पण नावांची यादी शिवशरणांची. त्यात त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

कारण नावांचा क्रम हा त्यांचा प्रांत. म्हमाणे प्रिंटिंग प्रेसमध्ये चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या त्यांनी, आधी बापाच्या हाताखाली शिशाचे खिळे जुळवत, मग ऑफसेटवर. 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' कुणालाही छापता येतं. पत्रिका बिघडते ती खाली, नावांत. थोरल्या चुलत्याच्या वर धाकटा गेला की मांडवात एक खुर्ची रिकामी राहते. एकदा दोन मामांत वर कोण यावरून लग्न मोडायची वेळ आली, तेव्हा शिवशरणांनी एकाच लग्नाच्या दोन पत्रिका छापल्या. ज्याच्या घरी जाईल त्याचं नाव वर. दोन्ही मामा खूश. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना दर वेळी मामांच्या मिशा थोड्या वाढत.

तर त्यांनी यादी पत्रिकेच्या रिवाजाने केली. पहिलं नाव स्वतःचं, मग राजशेखर, मग तृप्ती, मग बोक्या. आणि शेवटी महानंदा.

"मांजराच्याही खाली?" तृप्तीने तेव्हा विचारलं होतं.

"अगं, यजमानीण शेवटीच असते," शिवशरण म्हणाले होते. "सगळ्यांना वाढून मग बसते ती. तो मानच आहे."

हीच यादी दाराबाहेरच्या पाटीवर याच क्रमाने दिसायची. शिवशरण फिरून आले की पाटीसमोर क्षणभर थांबत, छापखान्यात प्रूफ बघितल्यासारखे, आणि मग आत येत.

दोन वर्षांत बहात्तर हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या. बहात्तर हजार वेळा घर महानंदाच्या नावापाशी आलं आणि काही न करता परत फिरलं.

*

महानंदाने बाजारात भेंडी मोडून बघावी तसं घर बघायला घेतलं.

मागच्या खोलीत बसून तिने पंखा एकवर लावला. अर्धा तास बसली. मग दोनवर, मग तीनवर. पाचवर लावला तेव्हा कानात वारं घोंगावायला लागलं आणि तिला कळलं, पन्नास वर्षं संध्याकाळी आपलं डोकं का दुखतं ते. भिंत बावीस केली, थंडी वाजली. सत्तावीसला बरं वाटलं. चहा चार तऱ्हेचा करून प्यायली. आल्याचा घोट घेतला आणि कप खाली ठेवून एकटीच हसत सुटली.

"काय झालं आत्या?"

"मला आलं आवडत नाही गं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. "रोज ठेचलं. पन्नास वर्षं. आवडतच नाही!"

छापखान्यातून उरलेल्या एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर ती पेन्सिलने टिपत गेली. शिवशरण येता-जाता डोकावत. त्यांचा चहा गोड, पंखा तीनवर आणि बातम्या वीसच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या कानांना कुजबुज.

"झालं का तुझं संशोधन?"

"नाही अजून."

"असं काय अवघड आहे त्यात?"

"तुम्ही लहानपणापासून करताय," ती म्हणाली. "मी कालपासून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीशी गेली. टीव्हीवर उजेड पडतो म्हणून हा पडदा घर बांधल्यापासून बंदच असायचा. तिने तो हाताने थोडा सारला. पलीकडे शाळेचं मैदान. ऊन उतरलं होतं आणि आठ पोरी एका रांगेत उकिडव्या बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी धावत होती.

अक्कलकोटच्या शाळेत महानंदा तीन वर्षं संघात होती. खांबाला वळसा घालताना तिचा हात कधी सुटला नाही. लग्नानंतर हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय त्यात.

काच सरकवून ती ऐकत राहिली. टीव्हीचा आवाज वीसवर होता, त्यात मैदानावरचा 'खो' बुडून जात होता. तिने तो कमी केला. पंधरा. बारा. नऊवर आला तेव्हा स्वच्छ ऐकू आलं.

पत्रिकेच्या पाठीवर शेवटी असं होतं:

पंखा – दोन.
भिंत – सत्तावीस.
चहा – आलं नको. साखर दीड चमचा.
टीव्हीचा आवाज – नऊ.
हॉलचा उत्तरेचा पडदा – साडेपाच ते सात उघडा.

तृप्तीने ते पानावर चढवलं. भिंतीवर अक्षरं आली: *महानंदा – पान पूर्ण.* महानंदाने ती दोनदा वाचली. या वेळी मागे वळून बघितलं नाही.

*

गंमत दुसऱ्या दिवशी साडेपाचला सुरू झाली.

शिवशरण हॉलमध्ये. त्यांचं घर त्यांना परत मिळालं होतं: पंखा पाच, आवाज एकतीस, भिंत बावीस. बातम्यांत कुणीतरी कुणावर तरी तुटून पडलं होतं. महानंदा मटकी निवडायचं ताट घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

पंखा एकदा उसळला आणि दोनवर येऊन बसला. बातम्या देणारी बाई ओरडता ओरडता पुटपुटायला लागली. पडदा सरसर बाजूला झाला.

"अगं! हे काय?"

"काय?"

"पंखा!"

"फिरतोय की," महानंदा म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. तिला फक्त सगळं फार बरं वाटत होतं.

शिवशरणांनी रिमोट घेऊन आवाज एकतीस केला. पावणेसहा वाजले. फेरी झाली, आवाज नऊ. पुन्हा एकतीस केला. सहा वाजता पुन्हा नऊ. सव्वासहाला ते पाय आपटत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि परत आले तर हॉल जसाच्या तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांना संशय आला. त्यांचा धंदाच प्रुफं तपासण्याचा.

"महानंदा, दूध बघ गं, उतू जाईल."

"दूध फ्रिजमध्ये आहे."

"मग... दारात कोण आहे बघ."

ती उठून दाराशी गेली. पंखा पाच, आवाज एकतीस, पडदा बंद. ती परत आली. दोन, नऊ, उघडा. त्यांनी तिला गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांसाठी धाडलं, शेजारी वर्तमानपत्र मागायला धाडलं, बोक्याला शोधायला धाडलं. बोक्या त्यांच्याच पायाशी होता.

"तुम्हाला मी इथं नको असेन तर सरळ सांगा की," महानंदा शेवटी म्हणाली. "ही कसली ताकाला जाऊन भांडं लपवायची तऱ्हा?"

"तृप्ती!" शिवशरण ओरडले. "घर बिघडलंय! तुझं!"

तृप्ती आली, तिने स्क्रिप्ट उघडली आणि वरून खालपर्यंत वाचली. तीस ओळींची ती स्क्रिप्ट. ती जरा जास्तच वेळ वाचत होती.

"बिघडलेलं नाही मामा. हे बघा. हॉलमध्ये तुम्ही दोघं बसलाय. फेरी सुरू झाली. पहिलं नाव तुमचं. पंखा पाच. केला."

"मग?"

"मग राजशेखर, मग मी. आम्ही हॉलचं काही लिहिलेलंच नाही, हॉल मामांचा म्हणून. मग बोक्या, त्याला वाटी बरोबर असली की झालं. मग शेवटी आत्या. पंखा दोन. केला. फेरी संपली."

"पण मी आधी सांगितलं ना पाच!"

"म्हणूनच. आधी सांगितलं. पंखा एकच आहे. जो शेवटी हात लावेल त्याचं राहणार."

शिवशरणांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना वर चढवलं होतं, खाली उतरवलं होतं. वरचा तो मोठा, एवढं एकच शास्त्र. आणि हे यंत्र वरच्याचं ऐकून घेत होतं आणि खालच्याचं करत होतं.

"दोन वर्षं नाही झालं ते?"

"दोन वर्षं आत्यांचं पान रिकामं होतं."

महानंदा मटकी निवडत होती. मटकी कालच निवडून झाली होती.

"सोपं आहे," शिवशरण म्हणाले. "मला शेवटी टाक."

"टाकते. पण दारावर तोच क्रम दिसणार. राजशेखर, मी, बोक्या, आत्या, मग तुम्ही."

"बोक्याच्या खाली?"

"दोन पायऱ्या."

बोक्याने जांभई दिली.

"नाहीतर सरासरी काढते," तृप्ती म्हणाली. "पंखा साडेतीन, आवाज वीस."

"दोन मामा भांडताहेत म्हणून पत्रिकेत तिसराच मामा छापतात का?" शिवशरण कडाडले. "साडेतीन कुणाचा? हिचाही नाही, माझाही नाही!"

महानंदाला हे पटलं. ती मान हलवून बसली.

*

मान की पंखा? शिवशरण चार दिवस या पेचात होते. चारही दिवस पारा पंचेचाळीसच्या खाली आला नाही. सकाळी ते पाटीसमोर उभे राहत, आपलं नाव वर बघून ताठ होत. संध्याकाळी हॉलमध्ये दोनच्या पंख्याखाली बसून, ओठ हलणाऱ्या माणसांच्या बातम्या बघत धुमसत.

महानंदा मात्र त्या चार दिवसांत हळूहळू बदलली. तिच्या चालीत काहीतरी आलं. ती साडेपाचला येऊन बसे, ताट न घेता. खिडकीतून पोरींना बघे. लाल रिबीनवाली चपळ होती पण खांबापाशी घाबरायची. महानंदाचा उजवा हात मांडीवर आपोआप वळसा घेई. तिला एकच भीती वाटू लागली होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. गेलेलं पुन्हा गेलं तर? आलं आवडत नाही हे कळल्यावर परत आल्याचा चहा पिणं, हे आधी पीत होतो त्यापेक्षा फार अवघड होतं.

पाचव्या दिवशी शिवशरण दुपारच्या झोपेतून ताडकन उठले.

"तृप्ती! इकडे ये! सुटलं!"

त्यांचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला होता. "दोन पत्रिका!"

"कसल्या पत्रिका, मामा?"

"दारावर एक यादी, घराच्या पोटात दुसरी! दारावर मी पहिला. आत मी शेवटचा. पाहुण्याला वरचं दिसेल, घर खालचं ऐकेल. एका लग्नाच्या दोन पत्रिका! होईल का नाही?"

तृप्तीने क्षणभर विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि स्क्रिप्टच्या बाबतीत तर मुळीच नाही.

"होईल," ती म्हणाली. "दोन ओळींचं काम आहे."

"बघ!" शिवशरणांनी मांडीवर थाप मारली. "अगं, या म्हमाण्यानं दोन मामा एका मांडवात बसवले, एक पंखा नाही बसवणार?"

तृप्तीने लॅपटॉप उघडला आणि हात थांबवला. साडेपाच वाजले होते. महानंदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आत्या," तृप्तीने विचारलं, "चालेल?"

प्रश्न नेहमीचाच होता. या घरात तो दिवसातून दहादा विचारला जाई आणि उत्तर येण्याआधीच विचारणारा निघून गेलेला असे. शिवशरणही टीव्हीकडे वळले होते.

"नाही चालणार," महानंदा म्हणाली.

शिवशरण अर्धे वळलेले तसेच राहिले.

"काय म्हणालीस?"

"नाही चालणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही चालणार." ती आत आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. पंखा पाचवरून दोनवर उतरला. पडदा सरकला. "तुमचं नाव दारावर पहिलं आहे. राहू दे. माझं मांजराच्या खाली आहे, तेही राहू दे. तुम्हीच ठेवलंत तसं. मी कधी काही बोलले का?"

"नाही, पण..."

"मान आहे म्हणालात त्यात. मग माझा मान मला द्या. दोन पत्रिका मामांसाठी ठीक आहेत. मामा एक दिवस येतात आणि जेवून जातात. मी इथंच राहते."

मैदानावरून लांबून एक 'खो' आला.

"आणि मी काय करायचं?" शिवशरण म्हणाले. त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता, होता तो नुसता अचंबा. शेवटच्या ओळीतल्या माणसाने मांडवात उठून बोलताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"साडेपाचपर्यंत हॉल तुमचा. मी स्वयंपाकघरात असते. करा आवाज एकतीस, उडवा छप्पर. सकाळी मी अंघोळीला गेले की तेव्हाही तुमचा. साडेपाच ते सात माझा. बसायचं तर बसा, गर्मी झाली तर वाळ्याचं सरबत करून देईन."

"मला नऊवर ऐकू येत नाही गं."

"ते घराचं काम नाही," महानंदा म्हणाली. "ते निळ्या डबीचं काम आहे."

तृप्तीने पटकन लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

निळी डबी राजशेखरने तीन वर्षांपूर्वी आणली होती. श्रवणयंत्र, नखाएवढं. शिवशरणांनी ती कपाटात टाकली होती, कारण कान म्हाताऱ्यांचे जातात आणि ते यादीत पहिले होते. आता ते उठले, आत गेले. सील फोडल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग बोक्याला शिव्या. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि दारातच थबकले.

"कोण ओरडतंय?"

"पोरी. शाळेच्या."

"रोज ओरडतात?"

"रोज."

ते खुर्ची ओढून खिडकीशी आले. बातम्या नऊवर चालू होत्या. त्यांनी तिकडे बघितलं नाही. लाल रिबीनवाली पळत सुटली, खांबाशी आली, आणि या वेळी न घाबरता वळली.

"हां! बरोबर!" महानंदा टाळी वाजवून ओरडली.

"तुला काय कळतं यातलं?"

"तीन वर्षं होते संघात. अक्कलकोटला."

"कधी?"

"तुमच्या आधी."

शिवशरण तिच्याकडे बघत राहिले. मग मैदानाकडे. मग दोन मिनिटांत त्यांना सगळं कळायला लागलं. ही चुकली, ती उशिरा उठली, त्या शिक्षिकेला पोरी बसवता येत नाहीत, क्रमच चुकलाय, ती उंच मुलगी शेवटी हवी, शेवटची सगळ्यात महत्त्वाची...

"अहो," महानंदा म्हणाली, डोळे मैदानावरून न हलवता. "तुमचाही आवाज नऊवर."

ते तृप्तीकडे मान वळवून हळूच म्हणाले, "सरबत सांगितलंय का कुणी यंत्राला?"

"तुमच्या पानावर नाही ते, मामा."

"मग घाल की."

तृप्तीने ती ओळ घातली. भिंतीत पाणी झुळझुळलं, फेरी झाली. पंखा पाचवर उसळला, दोनवर बसला.

दोन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला, कोश घरात बसवण्याच्या आधी, तृप्तीने सासऱ्यांना दोनदा विचारलं होतं की आत्यांचं नाव नक्की शेवटीच ठेवायचं ना, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले होते, शेवटीच.